प्रयोग संपल्यावर रंगपटाकडे

पुण्यात आवडत्या नटाला भेटायला ओळख लागते, असा एक समज आहे. लागतं ते वेळापत्रक. कलाकार कुठे असणार, तिथून कधी निघणार आणि मधली किती मिनिटं त्याची स्वतःची आहेत, एवढं आधी काढता आलं की निम्मं काम झालं. या हिशेबात नाटकाचा नट सगळ्यांत सोपा. त्याची जाहिरात वेळेसकट छापून येते, तो ठरलेल्या इमारतीत ठरलेल्या तासाला हजर असतो आणि पडदा पडल्यावर त्याच इमारतीतून बाहेर पडतो. सिनेमाच्या नटाचं यातलं काहीच नक्की नसतं. म्हणून पहिल्यांदा कुणाला भेटायचं असेल, तर सुरुवात नाट्यगृहापासून करावी.

पुण्यात प्रयोग साधारण तीन वेळांना लागतात: दुपारी १२.३०, संध्याकाळी ५.३० आणि रात्री ९.३०. दोन अंकी नाटक मध्यंतर धरून सव्वादोन-अडीच तासांचं. दुपारचा पडदा तीनच्या सुमारास पडतो आणि साडेपाचला बहुधा त्याच रंगमंचावर दुसऱ्या संस्थेचं नाटक असतं. तेवढ्यात आधीचं नेपथ्य उतरवून टेम्पोत भरायचं, नवं उभं करायचं, लाइट लावून तपासायचे. पुढच्या नाटकाची मंडळी मेकअपला येतात, त्यामुळे रंगपट, म्हणजे नटांची मेकअपची खोली, तीही रिकामी करून द्यावी लागते. अशा वेळी नट बोलायला तयार असला, तरी त्याच्या मागे कुणीतरी बॅगा घेऊन उभं असतं. त्यातून त्याच नाटकाचा संध्याकाळचा प्रयोग चिंचवडला असेल तर विसरूनच जा. जेवण बसमध्ये होणार आणि बस तुमच्यासाठी थांबणार नाही. दोन प्रयोग एकाच दिवशी आहेत का, हे त्या दिवसाच्या जाहिराती शेजारीशेजारी ठेवून वाचलं की कळतं.

भेटायच्या दृष्टीने रात्रीचा प्रयोग बरा. मागून कुणी ढकलत नाही आणि निम्मे प्रेक्षक गाडी काढायच्या घाईत बाहेर पडतात, त्यामुळे रंगपटापाशी गर्दी कमी होते. अपवाद रविवार रात्रीचा. मालिकेत काम करणाऱ्या नटाची सोमवारी सकाळी मुंबईला शिफ्ट असते. बारा वाजता पडदा पडल्यावर त्याला एक्स्प्रेस-वे दिसत असतो, आपण नाही.

तिकीट काढताना लोक पहिली रांग धरतात. नाटक बघायला ती ठीक (खरं तर चौथी-पाचवी अधिक चांगली), पण भेटायला तिचा उपयोग नाही. बहुतेक नाट्यगृहांत रंगमंचाच्या एका अंगाला आत जायचं दार असतं. ते कुठल्या बाजूला आहे हे आधी बघून ठेवायचं आणि त्या बाजूची कडेची खुर्ची घ्यायची. पडदा पडला की सगळं प्रेक्षागृह एकदम उभं राहतं आणि मधल्या खुर्चीवरच्या माणसाला कडेपर्यंत यायला पाच-सात मिनिटं लागतात. बाल्कनीतला तर खाली येईपर्यंत आतली रांग लागून गेलेली असते. प्लॅन उघडला, म्हणजे तिकीटविक्री सुरू झाली, की कडेच्या जागा सहसा शेवटपर्यंत शिल्लक राहतात, कारण तिथून रंगमंच तिरका दिसतो.

बालगंधर्व रंगमंदिर १९६८ सालचं आणि नाटकाच्या गर्दीचं पुण्यातलं मुख्य ठिकाण. तिथे आत शिरणाऱ्यांत नातेवाईक, जुने मित्र, एखादा नगरसेवक आणि प्रायोजकाची माणसं आधी असतात. सदाशिव पेठेतलं भरत नाट्य मंदिर लहान, आणि नट बाहेर आला की तो थेट पेठेच्या रस्त्यावरच येतो. तिथे थांबून उपयोग नसतो, कारण वाहतूक अडली की पहिला हॉर्न त्यालाच ऐकावा लागतो. कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात गाड्या बाहेर निघायलाच वेळ लागतो, त्यामुळे घाई करून काही साधत नाही, सावकाश थांबलेलं बरं. सुदर्शन रंगमंच किंवा ज्योत्स्ना भोळे सभागृहासारख्या प्रायोगिकच्या जागी हा सगळा खटाटोपच नको. प्रयोग संपल्यावर नट तुमच्याशेजारी चहाचा कप घेऊन उभा असतो आणि नाटकाबद्दल बोललेलं त्याला आवडतंही. हेच नट पुढे चार वर्षांनी मालिकेत दिसतात आणि मग रांग लागते. ज्यांना गर्दीचा त्रास होतो त्यांनी आधीच जावं.

प्रयोगाच्या आधी भेटायचा प्रयत्न करू नये. तासभर आधी मेकअप सुरू होतो, त्यानंतर नट स्वतःत असतो. कुणी संवाद म्हणत फेऱ्या मारतो, कुणी गप्प बसतो. मध्यंतर ही त्याहून मोठी चूक. प्रेक्षकाला वाटतं पंधरा मिनिटं मोकळीच आहेत. आत मात्र कपडे बदलणं, घाम टिपून मेकअप सारखा करणं, पाणी पिणं, माइकची बॅटरी बघणं चाललेलं असतं. मध्यंतराचा खरा उपयोग दुसराच: नाटकाच्या व्यवस्थापकाला गाठायचं. बालगंधर्वला सगळी जनता बटाटेवड्याच्या रांगेत असताना तो तिकीटबारीपाशी हिशेब करत किंवा दाराजवळ उभा सापडतो. त्याला एवढंच सांगायचं: ‘प्रयोगानंतर अमुक सरांना दोन मिनिटं भेटायचं होतं. आम्ही दोघंच आहोत. चालेल का?’ यात आकडा महत्त्वाचा. दोन म्हटल्यावर तो विचार करतो, ‘आमचा ग्रुप आहे’ म्हटल्यावर नाही म्हणतो. आणि दोन सांगून सहा जण आत नेले, तर पुढच्या वेळी तुमचा चेहरा त्याच्या लक्षात राहिलेला असतो. वर्षभर पुण्यात तोच येत असतो.

दारावरच्या माणसाला ‘आम्ही त्यांच्या ओळखीचे आहोत’ असं सांगणाऱ्यांची पुण्यात कमी नाही. तो आत विचारून येतो आणि आतून ‘कोण?’ असं उत्तर येतं. त्यापेक्षा ‘प्रेक्षक आहोत, भेटायचं आहे’ हे वाक्य जास्त दारं उघडतं.

मोबाइल. तो प्रयोगात वाजला तर भेटीची इच्छा सोडून द्यावी आणि गुपचूप घरी जावं. २०१९ मध्ये प्रेक्षागृहातल्या फोनना कंटाळून सुबोध भावे यांनी नाटकात काम न करण्याचा इशारा जाहीरपणे दिला होता, इतका हा विषय नटांच्या जिव्हारी लागलेला आहे. रंगमंचावरून कुठल्या रांगेत उजेड चमकला हे त्यांना दिसतं. प्रयोगातला एखादा प्रसंग रेकॉर्ड करून तोच नटाला कौतुकाने दाखवणारे प्रेक्षकही असतात. तो एक गुन्हा कबूल करण्याचा प्रकार आहे. शेवटी सगळे कलाकार नमस्काराला उभे राहतात तेव्हा बरीच मंडळी फोटो काढू देतात, काही तर तशी घोषणा करतात. घोषणा होईपर्यंत फोन खिशात.

पडदा पडला. आता लगेच आत घुसायचं नाही. पहिली दहा मिनिटं घरच्यांची आणि नाट्यक्षेत्रातल्या माणसांची असतात. त्यानंतर नट मेकअप उतरवतो. साधा मेकअप असेल तर पाच-दहा मिनिटं. ऐतिहासिक नाटकात दाढी-मिशा स्पिरिट गमने चिकटवलेल्या असतात, त्या ओढून काढता येत नाहीत, विग निघाल्यावर केस घामाने चिकटलेले असतात. त्याला वीस मिनिटं सहज लागतात. या काळात फोटो मागणं म्हणजे न्हाव्याच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला हसायला सांगणं. भूमिकेच्या वेशातच फोटो हवा असेल तर तसं व्यवस्थापकाला मध्यंतरातच सांगायचं. तो नटाला सांगून ठेवतो किंवा स्पष्ट नाही म्हणतो. रूप हाच नाटकातला धक्का असेल, तर निर्माता तसा फोटो बाहेर जाऊ देत नाही. त्यावर वाद घालू नये.

आत जाताना रंगमंचावरून आडवं जाऊ नका. नेपथ्य सुटत असतं, फळ्यांना खिळे असतात, लाइटचे बार खाली येत असतात, आणि बॅकस्टेजच्या कामगारांना पुढचं नाटक उभं करायची घाई असते. दर आठवड्याला कुणीतरी सेटवरच्या सोफ्यावर बसून सेल्फी काढतं आणि त्याच सोफ्याचं दुसरं टोक उचललं जातं. कडेच्या मार्गिकेतून जावं, भिंतीला लागून थांबावं, सोबत लहान मूल असेल तर हात धरून ठेवावा.

आता बोलणं. हाक कशी मारायची, इथे पुष्कळ जण अडखळतात. अशोक सराफांना सगळा महाराष्ट्र मामा म्हणतो, म्हणून पहिल्याच भेटीत समोरच्या प्रत्येक ज्येष्ठ नटाला मामा, काका, आत्या करायचं नाही. ‘सर’ आणि ‘मॅडम’ कुणाला खुपत नाही. तरुण नटांना ‘दादा’, ‘ताई’ चालतं, पण नट पंचविशीचा आणि आपण पन्नाशीचे असलो तर ते विचित्र दिसतं. तिथे नावामागे ‘जी’ही नको, सरळ नाव घेऊन ‘तुम्ही’ म्हणावं. भूमिकेच्या नावाने हाक मारणं टाळावं. वर्षानुवर्षं एकच मालिका करणाऱ्या बाईंना रस्त्यात, भाजीत, लग्नात तेच नाव ऐकू येत असतं, आणि त्या आता दुसऱ्या नाटकात दुसरं काहीतरी मोठ्या कष्टाने करून आलेल्या असतात.

‘छान झालं’ हे वाक्य त्या रात्री त्यांनी चाळीस वेळा ऐकलेलं असतं. त्याला उत्तर म्हणून ‘थँक्यू’च मिळणार. त्याऐवजी एक प्रसंग, एक जागा सांगावी: दुसऱ्या अंकात पत्र हातात आल्यावर तुम्ही लगेच वाचलं नाहीत, आधी घडी सरळ केलीत, ते आवडलं. नट थांबतो, कारण ते त्याने ठरवून केलेलं असतं आणि ते कुणाला दिसलं की नाही, हे त्याला कळायचा हा एकच मार्ग आहे. इथून संभाषण दोन मिनिटांचं पाच मिनिटांवर गेलं, तर ते त्याने नेलेलं असतं. आपण नेऊ नये.

आणि पुणेकरांचा खास आजार. ‘नाटक चांगलं आहे, पण दुसरा अंक जरा लांबलाय.’ हे खरंही असेल. पण विचारल्याशिवाय सांगू नका. मूळ संचात हीच भूमिका कोण करायचं आणि ते कसं होतं, हेही नको. ‘टीव्हीवर बारीक दिसता’, ‘ओळखलंत का, मागच्या वर्षी भेटलो होतो’, ‘माझ्याकडे एक संहिता आहे’ आणि ‘पुढच्या प्रयोगाचे पास मिळतील का’ ही चार वाक्यं भेट जागच्या जागी संपवतात.

क्रम असा ठेवावा: आधी बोलणं, मग सही, शेवटी फोटो. उलट केलं तर पंचाईत होते. फोटो झाला की नटाच्या मनात ती भेट संपलेली असते आणि नजर पुढच्या माणसाकडे गेलेली असते. मग सहीसाठी वही पुढे केली की ती उभ्या उभ्या, हवेत धरून होते आणि तशीच दिसते.

रंगपटातल्या फोटोंची दोन शत्रूंशी गाठ असते. एक, आरशाभोवतीचे दिवे. आरशाकडे पाठ करून उभं राहिलं की दिवे मागे येतात, चेहरे काळे पडतात. शिवाय मागच्या आरशात फोटो काढणारा आणि बाजूला कपडे बदलणारा दुसरा नटही येतो. हे दुसरं जास्त वाईट, आणि असे फोटो लोक न बघता सोशल मीडियावर टाकूनही देतात. उपाय सोपा, दोन पावलं मार्गिकेत यायचं आणि ट्यूबलाइट समोर राहील असं उभं राहायचं. दुसरा शत्रू आपलाच फोन: लेन्सवर घामाचा किंवा वड्याचा तेलकट डाग. आत जाण्याआधी रुमालाने पुसून घ्या, कॅमेरा उघडून ठेवा, फ्लॅश बंद करा. फोन लॉक असताना दुसऱ्याच्या हातात दिला की पासवर्ड सांगण्यातच वेळ जातो. सेल्फीपेक्षा तिसऱ्याने काढलेला फोटो बरा. सेल्फीत जवळ असलेला आपला चेहरा मोठा येतो आणि नट कोपऱ्यात वाकलेला. चौघं असाल तर एकच फोटो चौघांचा. प्रत्येकाचा वेगळा, मग जोडीने, मग सगळ्यांचा असं सुरू झालं की मागची रांग ओरडते. फोटो काढणाऱ्याने तीन-चार वेळा सलग बटण दाबावं, एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे असतात. खांद्यावर हात नटाने टाकला तर टाकला, आपण टाकायचा नाही.

सहीचं सामान हा वेगळाच अभ्यास. साध्या वहीला किंवा पुस्तकाला चांगलं बॉलपेन पुरतं. जेल पेन आर्टपेपरवर पसरतं. चकचकीत फोटोवर किंवा प्लॅस्टिकवर बॉलपेन घसरतं आणि दाबून लिहिलं तर ओरखडा उमटतो, शाई नाही. तिथे बारीक टोकाचा परमनंट मार्कर हवा. गडद पार्श्वभूमीच्या पोस्टरला चंदेरी किंवा सोनेरी. हे रंगाचे मार्कर आधी हलवून, टोक दाबून, रद्दी कागदावर चालवून बघावे लागतात, नाहीतर पहिल्याच रेघेला रंगाचा थेंब पडतो आणि तो नेमका नटाच्या चेहऱ्यावर. चकचकीत कागदावरची सही दोन मिनिटं उघडी ठेवावी, लगेच प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये सरकवली की पुसली जाते. सीडीवर सही हवी असेल तर आतला कागद आधीच काढून आणावा. टी-शर्टवर हवी असेल तर आत पुठ्ठा घालून कापड ताणून धरावं, नाहीतर मार्कर कापडात अडकतो. पुस्तकावर सही मुखपृष्ठावर नको, आतल्या शीर्षकाच्या पानावर घ्यावी. ते पान चिठ्ठी लावून उघडता येईल असं ठेवावं आणि ज्याच्या नावाने हवी त्याचं नाव त्याच चिठ्ठीवर ठळक लिहावं. ‘स्नेहल’ मुलगा की मुलगी, ‘शृती’ की ‘श्रुती’, यावर रांगेत चर्चा व्हायला नको. नोटेवर सही मागायची खोड अजून गेलेली नाही. रिझर्व्ह बँक नोटांवर लिहू नका असं सांगत आलेली आहे आणि बरेच नट नकारच देतात.

लेखकांच्या भेटी याच पठडीतल्या, फक्त सोप्या. टिळक रोडवरचं साहित्य परिषदेचं सभागृह, एस. एम. जोशी सभागृह, पत्रकार भवन इथल्या प्रकाशन समारंभांना लेखक खुर्चीवर बसूनच सह्या करतात. पुस्तक तिथेच विकत घेतलं तर प्रकाशकही खूश. घरून सात जुनी पुस्तकं आणली असतील तर रांगेच्या शेवटी उभं राहावं.

सवाई गंधर्वचा मामला निराळा. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेला हा महोत्सव, आताचा मुक्काम मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळात. रंगमंचामागे सामान्य श्रोत्याला प्रवेश नाही, आणि गायनाआधी तो नसावाच, कारण तंबोरे जुळवणं चाललेलं असतं. पण गवई-वादक दुसऱ्याचं ऐकायला मांडवात येऊन बसतात. ज्या दिवशी त्यांचं स्वतःचं सादरीकरण नाही, त्या दिवशी ते जास्त मोकळे असतात. दोन कलाकारांच्या मधल्या वेळात नमस्कार करावा, बंदिशीच्या मध्ये नाही. वादकाशी हस्तांदोलन करायला हात पुढे करू नका, आणि त्यांनी केलाच तर आवळू नका. सतारियाच्या, तबलजीच्या बोटांवर त्यांचा उद्याचा कार्यक्रम असतो. वाकून नमस्कार इथे सगळ्यांना सोयीचा.

सिनेमावाल्यांकडे यायचं तर सगळ्यांत उपयोगाची गोष्ट म्हणजे थिएटर व्हिजिट. मराठी चित्रपट शुक्रवारी लागला की शनिवार-रविवारी त्यातले कलाकार थिएटरांतून फिरतात. कोथरूडचं सिटी प्राइड त्यात बहुधा असतंच. कलाकार खेळ संपताना पडद्यासमोर येतात, दहा मिनिटं बोलतात आणि पुढच्या थिएटरला निघतात. वेळ आदल्या रात्री किंवा त्याच दिवशी त्यांच्या इन्स्टाग्राम स्टोरीवर येते. दिलेल्या वेळेला अर्धा-पाऊण तास उशीर होतो, वेळेआधी कधीच कुणी येत नाही. इथे सही विसरा, सामूहिक सेल्फीत चेहरा आला तर नशीब.

दुकानाचं उद्घाटन, दहीहंडी, मॉलमधला कार्यक्रम या त्या लोकांच्या भाषेत सुपाऱ्या. वीस मिनिटांचे पैसे घेतलेले असतात, बाउन्सर असतात आणि आयोजकाच्या घरचेच पन्नास जण स्टेजवर असतात. तिथे प्रत्यक्ष भेट होत नाही, चेंगराचेंगरी मात्र होऊ शकते. मुलांना घेऊन बॅरिकेडपाशी पुढे उभं राहू नये, मागून रेटा आला की लोखंडी कठडा आधी त्यांनाच लागतो. गणपतीत ढोल-ताशा पथकांतून मराठी कलाकार वाजवतात. मिरवणुकीत पथकाभोवती धरलेल्या दोरीच्या आत शिरू नका. कमरेला ढोल बांधलेल्या माणसाला थांबता येत नाही आणि टिपरू कुठे लागेल त्याचा नेम नसतो. वादन संपून ढोल खाली ठेवले की पाणी पिऊ द्यावं, मग बोलावं.

गहुंजेच्या क्रिकेट स्टेडियमवर, जिथे २०२३ च्या विश्वचषकाचे पाच सामने झाले, सामन्याच्या दिवशी खेळाडूला भेटण्याचा विचारही करू नये. ड्रेसिंग रूमचा भाग भ्रष्टाचारविरोधी नियमांखाली बंद असतो, तिथे खेळाडूंना स्वतःचे फोनही वापरता येत नाहीत. मिळालीच तर सही सीमारेषेजवळ क्षेत्ररक्षण करणाऱ्याकडून किंवा सराव संपवून परतणाऱ्याकडून मिळते. त्यासाठी हाक एकदाच, टोपणनावाने नाही, आणि टोपी किंवा छोटी बॅट मार्करचं टोपण काढून पुढे धरलेली. आत काय नेता येतं याची यादी तिकिटावर असते, ती घरी वाचावी, फाटकावर नाही.

आता कॉन, म्हणजे कॉमिक्स-सिनेमांच्या चाहत्यांची संमेलनं. कॉमिक कॉन आपल्याकडे २०११ मध्ये दिल्लीत सुरू झालं आणि पुढे पुण्यातही आलं. अमेरिकेत ही प्रथा कितीतरी जुनी, सॅन दिएगोचं संमेलन १९७० पासूनचं. तिकडच्या पुष्कळ संमेलनांत भेटीचं दरपत्रकच असतं. सहीचे पैसे वेगळे, टेबलापाशी काढायच्या सेल्फीचे वेगळे, आणि व्यावसायिक छायाचित्रकाराने काढायच्या फोटोचं आगाऊ तिकीट वेगळं. या तिसऱ्या प्रकारात रांग सतत सरकत असते, प्रत्येकाला काही सेकंद मिळतात, गप्पा होत नाहीत. त्यामुळे पोझ आधी ठरवून एका वाक्यात सांगावी लागते. चष्म्यावर प्रकाश चमकतो म्हणून मान किंचित खाली. बोलायचं असेल तर पैसे सहीच्या टेबलावर खर्च करावेत, तिथे निदान अर्धा-एक मिनिट मिळतं. सराईत लोक फोटो सकाळी काढून घेतात आणि त्याच छापील फोटोवर दुपारी सही घेतात. नातेवाईक परदेशात असे सोहळे गाठतात, त्यांना हा क्रम सांगून ठेवावा.

आपल्याकडच्या कॉनमध्ये चित्रकार, कॉमिक-लेखक, यूट्यूबर आपापल्या स्टॉलवर बसलेले सापडतात आणि त्यांच्याशी बोलायला वेगळे पैसे पडत नाहीत. पण त्यांच्याकडचं एखादं प्रिंट किंवा पुस्तक घेऊन मग सही मागणं ही रीत आहे. दार उघडल्यावरचा पहिला तास आणि मुख्य मंचावर मोठा पाहुणा बोलत असतानाचा वेळ हे स्टॉलसाठी उत्तम, सगळी गर्दी तिकडे असते. मोठ्या पाहुण्याच्या सहीची रांग ठरावीक माणसांनंतर बंद करतात. जाहीर वेळेला पोहोचणारा माणूस त्या आकड्याच्या बाहेर असतो, म्हणून आधीच्या कार्यक्रमाच्या वेळीच रांग कुठून लागणार हे स्वयंसेवकाला विचारून ठेवावं. कॉस्प्ले केलेल्या, म्हणजे आवडत्या पात्राचा वेश करून आलेल्या मुलामुलींचा फोटो विचारून काढावा, त्यांच्या तलवारीला-पंखाला हात लावू नये. थर्मोकोल आणि फोमशीटचं ते काम ओढलं की निघतं.

नकली भेटींचा धंदाही जोरात आहे. नटाच्या नावाने बनवलेल्या खात्यावरून ‘फॅन कार्ड घ्या, मग खासगी भेट’ असा निरोप येतो आणि यूपीआयवर पैसे मागतात. मराठी नाट्यसृष्टीत भेटीसाठी कार्ड लागत नाही, तिकीट लागतं.

उरल्या रस्त्यावरच्या भेटी. पुण्याच्या विमानतळावर सामानाच्या पट्ट्यापाशी नटही दहा-पंधरा मिनिटं अडकलेला असतो. एखादं वाक्य बोलायला ती जागा चांगली. लोहगावचं हे विमानतळ हवाई दलाचं आहे. धावपट्टी, विमानतळाचं मैदान आणि सुरक्षा तपासणीचा भाग यांचे फोटो काढायचे नाहीत, मग त्यात नट असो वा नसो. एक्स्प्रेस-वेवरच्या फूड मॉलमध्ये रात्री दीड वाजता नाटकाची बस थांबते तेव्हा ती माणसं दिवसातलं पहिलं शांत जेवण जेवत असतात. ताट संपून हात धुईपर्यंत लांबूनच ओळखावं. टेकडीवर सकाळी चालणाऱ्याला थांबवू नये, मान हलवून ‘नमस्कार’ म्हणावं. बरेच जण स्वतःच थांबतात. हॉस्पिटल, शाळेचं फाटक आणि वैकुंठ स्मशानभूमी, या तीन ठिकाणी कुणीही नट नसतो. सोबत त्याची मुलं असतील तर फोटोत ती येता कामा नयेत.

फोटो टाकायचा तर दुसऱ्या दिवशी टाकावा. नट अजून त्याच हॉटेलात असताना जागेच्या नावासकट टाकला की अर्ध्या तासात तिथे वीस माणसं उभी राहतात आणि हॉटेलवाला पुढच्या वेळी सगळ्यांनाच हाकलतो. फोटोत आलेल्या अनोळखी माणसांचे चेहरे कापून टाकावेत, मोबाइल नंबर मिळाला असेल तर तो पुढे कुणालाही देऊ नये, वाढदिवसाच्या शुभेच्छांसाठीही नाही.

सह्यांची फ्रेम उन्हाच्या भिंतीवर लावू नये, मार्करची शाई उडते. ज्यांनी नाटकाच्या तिकिटावरच सही घेतली असेल त्यांनी ते वेळेवर स्कॅन करून ठेवावं. आजकाल बरीच तिकिटं थर्मल कागदावर छापलेली असतात. त्यांवर सही राहते, पण नाटकाचं नाव, तारीख आणि खुर्ची क्रमांक काही महिन्यांत कोरे होतात. स्कॅन जमत नसेल तर मागच्या बाजूला पेन्सिलने तारीख, नाट्यगृह आणि कुठला प्रयोग होता ते लिहून ठेवावं, पेनाने नको, शाई पुढच्या बाजूला उमटते.